खोबरेल, लॉरिक अम्ल आणि तारुण्यपीटिका

गतवर्षीं आमच्या हातून घरांत एक प्रमाद घडला. आमची सोळा वर्षांची नात तोंडावरील मुरुमांनीं इतकी खिन्न झाली होती कीं, मामाच्या लग्नांत ती छायाचित्रासाठीं उभी राहीना. खोबरेलांतील एक अम्ल मुरुमांच्या जंतूंस मारतें, असें आम्हीं नुकतेंच कोठें वाचलें होतें. तेव्हां रोज निजतांना तोंडास खोबरेल चोळावें, असें आम्हीं तिला मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें. तीन आठवड्यांत कपाळावर पूर्वीहून अधिक फोड उठले. “आजोबा, तुमचें औषध पुरे!” असें ती म्हणाली, तेव्हां वाचलेलें खोटें होतें, कीं आम्हीं तें अर्धेंच वाचलें होतें, याचा शोध घेणें प्राप्त झालें.

सुश्रुतानें मुखदूषिका या नांवानें हा विकार क्षुद्ररोगांत गणला असून त्या फोडांस सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. रोग क्षुद्र खरा. पण तो नेमका अशा वयांत येतो, कीं ज्या वयांत आरशाचा शब्द वडील माणसांच्या शब्दाहून वजनदार असतो. सुश्रुताच्या लेपांत वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी आहेत, खोबरेल नाहीं.

खोबरेलांतील स्निग्धाम्लांपैकीं जवळजवळ निम्में लॉरिक अम्ल असतें. त्याच्या रेणूंत बारा कर्बाणूंची सांखळी असते. २००९ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं मुरुमांशीं संबंध असलेल्या जंतूवर तें योजून पाहिलें. नेहमींच्या बेंझॉइल पेरॉक्साइडच्या पंधराव्या हिश्शाहूनहि कमी तीव्रतेंत त्यानें जंतूची वाढ थांबविली. उंदरांच्या कानांत जंतू टोंचून आणलेली सूजहि उतरली. म्हणजे आम्हीं वाचलेलें खोटें नव्हतें.

मग चुकलें कोठें? खोबरेलांत हें अम्ल मोकळें नसतेंच. ग्लिसरीनच्या एकेका रेणूस तीन तीन स्निग्धाम्लें बांधलेलीं असतात, आणि बांधलेलें अम्ल जंतूचें फारसें कांहीं बिघडवीत नाहीं. साबण करतांना दाहक क्षार घालून हीच बांधणी तोडावी लागते, हें आम्हीं वर्गांत मुलांकडून कित्येक वर्षें घोकून घेतलें आणि घरीं नेमकें विसरलों! तेल मात्र रोमरंध्रें बुजवितें. मुरुमाचें मूळहि तेथेंच आहे. वयांत येतांना त्वचेंतील तैलग्रंथी अधिक स्रवूं लागतात, मृत पेशींचा बोळा रंध्राच्या तोंडाशीं बसतो आणि आंत जंतू माजतात. त्या बोळ्यावर आम्हीं आणखी तेल ओतलें.

मौजेची गोष्ट ही कीं, मनुष्याच्या त्वचेवरील तेलांतहि मोकळीं स्निग्धाम्लें असतात. सेपिएनिक अम्ल हें त्यांतील प्रमुख. तें अनेक उपद्रवी जंतूंस दूर ठेवतें. आणि त्वचेवरील तेलाचें विघटन करून स्निग्धाम्लें मोकळीं करण्याचें काम बरेंचसें हा मुरुमांचा जंतूच करतो! निरोगी चेहऱ्यावरहि त्याची वस्ती असते. तेव्हां त्यास निव्वळ शत्रू म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

याच कुळाच्या जवळचें एक अम्ल मात्र खरोखर औषध होऊन बसलें आहे. गहूं, जव, राय या धान्यांत आढळणारें, नऊ कर्बाणूंचें अ‍ॅझेलेइक अम्ल तें हें. शिब्यांचे पांढुरके डाग त्वचेवर कां पडतात, याचा शोध करतांना संशोधकांची दृष्टि त्याकडे वळली. तें जंतूंस आवरतें, रंध्रें बुजूं देत नाहीं आणि फोड गेल्यावर राहणारे काळे डागहि फिके करतें. आरंभीं थोडी आग होते, आणि गुण दिसण्यास आठवडे नव्हे, कित्येकदां महिने लागतात. उतावळ्या वयास हीच अडचण!

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनीं आमचें खोबरेल पहिल्याच भेटींत बंद केलें आणि याच अम्लाचें शेंकडा २० प्रमाणाचें मलम दिलें. चौथ्या महिन्यांत कपाळ बरेंचसें निवळलें. केसांस तेल लावतांना आमची नात अजून कपाळाच्या दोन बोटें मागेंच थांबते, आणि आमच्याकडे पाहून हंसते.