रिक्तिकेतली साखर

पेशीच्या अंगकांची नावे बहुधा रूपावरून पडली आहेत. हरितलवक हिरवे असते, तंतुकणिका तंतूसारख्या किंवा कणांसारख्या दिसतात. एक नाव मात्र मला कायम खटकत आले आहे : रिक्तिका. १८४१मध्ये फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फेलिक्स द्युजार्दां याने सूक्ष्म जिवांच्या देहात पारदर्शक पोकळ्या पाहिल्या आणि ‘रिकामे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना नाव दिले. मराठी शब्दातही तोच रितेपणा उतरला. पण सांगली-साताऱ्याच्या शिवाराकडे पाहिले, की वाटते, इतकी भरलेली वस्तू पेशीत दुसरी नसेल.

ती पाहायची तर तेरडा घ्यावा. कासचे पठार गुलाबी करणारे तेरडे जपलेलेच बरे. अंगणातल्या तेरड्याची पाकळी पुरते. तिचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर रंग पेशीभर सांडल्यासारखा वाटतो. आता काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, की पेशीभित्तिका जागच्या जागी राहते आणि आत एक गुलाबी पिशवी आक्रसत जाते. पाणी बाहेर पडते, रंग आतच राहतो. ही रिक्तिका. वाढ पुरी झालेल्या वनस्पतीच्या पेशीत ती नव्वद टक्क्यांपर्यंत जागा व्यापते आणि केंद्रकालाही कडेला सारते.

उसाच्या कांड्यातल्या रिक्तिकेत रंग नसतो, साखर असते. ती तयार होते पानात. तिथे हवेतला कार्बन आधी एका थरातल्या पेशी पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींकडे सोपवतात. या दुसऱ्या पेशींच्या हरितलवकांत त्याची साखर घडू लागते. रसवाहिन्यांतून ती कांड्यात उतरते. रिक्तिकेच्या पटलातून तिला आत घ्यायला ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेचा मोठा भाग तंतुकणिका पुरवतात. म्हणजे उसाचा गोडवा हा चार-पाच अंगकांचा एकत्र संसार आहे.

कोवळ्या कांड्यातल्या रिक्तिकेत इन्व्हर्टेज हे विकर जोरात असते. ते साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, आणि हे दोन्ही वाढीच्या कामी येतात. कांडे पक्व होते तसे हे विकर मंदावते आणि साखर साठत जाते. तोडणीआधी शेतकरी पाणी तोडतो ते म्हणूनच : वाढ थांबावी आणि साठवण व्हावी. कोरड्या थंडीत उतारा चढतो, त्याचेही कारण हेच. १९३२पासून सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्रात उसाच्या जातींची पारख चालते. ‘फुले २६५’ हे वाण तिथलेच. तिथे जात नुसती टनावर नव्हे, साखरेवरही जोखली जाते.

तासगावकडचा बेदाणा हाही रिक्तिकेचाच माल. द्राक्षाच्या मण्यातली साखर तिच्यातच असते. मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवले, की सालीवरचे मेणाचे कवच ढिले पडते. पाणी निघून जाते, साखर मागे उरते.

उसाचे मात्र उलटे. कोयता बसला तरी पेशी लगेच मरत नाहीत. तोडलेला ऊस पडून राहिला, तर मंदावलेले इन्व्हर्टेज पुन्हा उचल खाते, कापलेल्या टोकांतून जिवाणूही शिरतात आणि साखर फुटू लागते. फुटलेल्या साखरेचा दाणा बनत नाही. ती मळीत जाते. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा, असे सांगतात.

२०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरवला. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त. हा उतारा एकट्याच्या खेपेचा नव्हे, साऱ्या कारखान्याचा सरासरीचा. गाडीतळावर ट्रॉली दोन दिवस उन्हात उभी राहिली, तर वाळून घटलेले वजन त्या एका शेतकऱ्याच्या पदरी पडते, रिक्तिकेत फुटलेली साखर मात्र सगळ्यांच्या बिलातून जाते. काट्यावर वजन दिसते, म्हणून भांडण त्यावरून होते. पिशवीतले दिसत नाही.