दाखला आणि विद्या

मराठीतला ‘दाखला’ हा शब्द मोठा मिस्कील आहे. वक्ता दाखला देतो तेव्हा तो उदाहरण देत असतो; शाळेचा कारकून दाखला देतो तेव्हा तो एक कागद देत असतो. आणि त्या कागदाचे नाव काय, तर ‘शाळा सोडल्याचा दाखला’! मग जे मूल शाळेत गेलेच नाही, घरी बसून शिकले, त्याने काय सोडल्याचा दाखला आणावा?

हा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर आली, आणि टाळेबंदी उठल्यावरही काही पालकांना तीच पसंत पडली. सवडीने शिकवणाऱ्या खाजगी ऑनलाइन शाळा निघाल्या. बदलीच्या नोकरीतले कुटुंब, आजारी मूल, गाण्यात वा खेळात रमलेले मूल यांना ही सोय खरोखरच मोलाची आहे. आमच्या बोदवडची, भुसावळ-नागपूर लोहमार्गावरच्या या कापसाच्या पेठेची, गरज निराळी. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात, आणि गेलेल्यांपैकी काही मुली पुन्हा परतत नाहीत.

प्रवेशाच्या दिवसांत मी कॉलेजात टेबलाशी बसतो. एकदा एक गृहस्थ मुलाचे रंगीत, सोनेरी कडांचे प्रमाणपत्र घेऊन आले. मुलगा चुणचुणीत होता, बोलण्यात तर आमच्या विद्यार्थ्यांच्या वरचढ. पण कारकुनाने एकच प्रश्न विचारला, “मंडळ कोणते?” शाळा होती, फी होती, गुण होते, मंडळ मात्र नव्हते! मुलाचे वर्ष गेले.

म्हणून पालकहो, शिकवणे आणि दाखला देणे ही दोन निराळी कामे आहेत, हे ध्यानात ठेवावे. शिकवणे कोणीही करील. दहावी-बारावीचा दाखला मात्र मान्यताप्राप्त परीक्षा मंडळाचाच हवा. त्याचे मार्ग आहेत. पूर्वी लोक ‘मॅट्रिकला बाहेरून बसत’. आज राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मने खाजगी विद्यार्थी तसेच बसतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ मध्ये निघाले. तेथे नोंदणी पाच वर्षे चालते, त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सवडीने सोडवता येतो. वेचणीला गेलेल्या मुलीला यापरती सोय कोणती? फी भरण्यापूर्वी शाळेला एवढेच विचारावे: ‘परीक्षा कोणाची?’

तरीही कोणी म्हणेल, हुशारीला कागद कशाला? मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली आणि संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली. बारावी नाही म्हणून आय.आय.टी.चे दार तिला बंद राहिले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी.ने मात्र तिला बोलावले. गोष्ट अभिमानाची खरी. पण ऑलिंपियाडची पदके गल्लोगल्ली मिळत नाहीत. सामान्य घरच्या मुलाला दहावीचा कागदच आधाराची काठी होतो.

आमच्या खानदेशापुरता एक दाखला, म्हणजे उदाहरण, देतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. आता तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदवीधराच्या कागदावर, जिला लिहिता-वाचता येत नव्हते त्या बाईचे नाव असते! विद्या कागदावाचून येते, याला याहून मोठा पुरावा कोणता? पण याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहावी. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे आली, ती घरातल्या माणसांनी वेळोवेळी टिपून ठेवली होती म्हणून. तसे कोणी टिपले नसते, तर ती शेताच्या बांधावरच विरली असती.

कागदाने विद्या येत नाही, पण कागदावाचून ती चारचौघांपर्यंत पोचतही नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला विद्या तर द्यावीच. आणि ती कोणीतरी खात्रीच्या माणसाने टिपून ठेवली आहे, एवढीही काळजी आईबापांनी घ्यावी.