घरातील सूचिपर्णी वृक्ष : नाम आणि निगा

नाव आणि वस्तू यांची फारकत भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु त्या फारकतीची झळ प्रत्यक्ष वस्तूस बसावी, असे उदाहरण विरळाच. नाताळच्या सुमारास आपल्याकडील रोपवाटिकांतून ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे कुंडीतील झाड विकले जाते, ते बहुधा अरौकारिया कुलातील ‘नॉरफोक पाइन’ असते. ते पाइन नव्हे, आणि हिमप्रदेशातीलही नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, कॅप्टन कुक यास १७७४ मध्ये आढळलेल्या नॉरफोक बेटावरील ते मूळचे. ‘हेटेरोफिला’, म्हणजे भिन्नपर्णी, हे त्याचे शास्त्रीय नाव मात्र खरे बोलते : कोवळ्या झाडाची पाने सुईसारखी, प्रौढाची खवल्यांसारखी. घरात आपण त्याचे बाल्यच पाहतो.

थंड प्रदेशातील पाइनास हिवाळ्याची विश्रांती लागते. ती न लाभल्याने तो दिवाणखान्यात खंगतो. हे झाड उबदार, दमट सागरी हवेचे, म्हणूनच घरात तगते. नावावर विसंबून त्यास वातानुकूलित खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, की खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळतात, आणि त्या जागी नवी फांदी फुटत नाही. खिडकीजवळचा भरपूर उजेड, निचऱ्याची माती, वरचा थर सुकल्यावर पाणी आणि अधूनमधून कुंडी फिरविणे, एवढे पुरे.

शेंडा मात्र जिवापाड जपावा. सरळ वाढणारे कलम शेंड्यापासूनच मिळते. बाजूच्या फांदीचे कलम मुळे धरते, पण आडवेच वाढते. पडदा सारताना प्रस्तुत लेखकाकडून शेंडा मोडला. तो फेकून देऊन हौसेने लावलेली फांदी आज तीन वर्षे जमिनीशी समांतर चालली आहे.