जुनी मोटार का तापते?



मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी तुम्ही चित्रात किंवा चित्रपटात नक्कीच पाहिली असेल. इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने ही मोटार मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे. पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळाले. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील टॅक्सी म्हणून तिची सेवाही संपली. तरी हौशी माणसांनी अशा मोटारी आजही जपून ठेवल्या आहेत.

या मोटारींची एक तक्रार जुनी आहे. उन्हाळ्यात वाहनांच्या गर्दीत अडकली किंवा बोरघाटासारखा घाट चढू लागली, की मोटार तापते. बॉनेटखालून वाफ येते आणि मोटार रस्त्याच्या कडेला उभी करावी लागते. असे का होते आणि ते कसे टाळता येते, हे आज आपण समजून घेऊ.

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा उष्णता निर्माण होते. उर्दूत आपण जिला हरारत म्हणतो, तीच ही उष्णता. तिचा फार तर एक तृतीयांश भाग मोटार चालवण्याच्या कामी येतो. बराच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर इंजिन थोड्याच वेळात निकामी होईल. म्हणून इंजिनाच्या आतील पोकळ वाटांतून पाणी खेळवलेले असते. पंप हे पाणी फिरवतो. धातूची उष्णता घेऊन गरम झालेले पाणी रबरी नळीतून मोटारीच्या पुढच्या भागातील रेडिएटरमध्ये येते.

रेडिएटरचे काम समजण्यासाठी चहाची बशी आठवा. कपातला चहा बराच वेळ गरम राहतो. बशीत ओतला की लवकर निवतो. कारण बशीत तो पसरतो आणि त्याचा मोठा भाग हवेला लागतो. रेडिएटरमध्येही पाणी अनेक बारीक, चपट्या नळ्यांत वाटले जाते. नळ्यांना पातळ पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यांमधून हवा वाहते, पाणी थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते.

म्हणजे उष्णतेचा प्रवास असा होतो : धातूकडून पाण्याकडे आणि पाण्याकडून हवेकडे. या वाटेवर कोठेही अडथळा आला की मोटार तापते. अडथळा कोठे आहे हे शोधणे, हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय. नवे, महागडे सामान बसवणे ही नंतरची गोष्ट आहे.

अडथळा शोधण्याची एक सोपी रीत आहे. मोटार गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धावू लागली की थंड होते, असे असेल तर हवा कमी पडत आहे असे समजावे. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जातानाही ती तापत असेल, तर बहुधा पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर आतून भरलेला आहे. घाटात मात्र दोन्ही संकटे एकदम येतात. इंजिनाला जोर फार लागतो आणि वेग कमी असल्याने समोरून येणारी हवाही कमी असते.

प्रथम पाण्याचा विचार करू. पुष्कळ लोक रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरतात. अशा पाण्यातील क्षार नळ्यांच्या आत साचतात. घरातल्या पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तसाच हा थर असतो. त्यात इंजिनातील गंजही मिसळतो. म्हणून आधी रेडिएटर व इंजिन आतून धुऊन घ्यावे. फुगलेल्या किंवा मऊ पडलेल्या रबरी नळ्या बदलाव्यात. पंप व त्याचा पट्टा तपासावा. एवढ्यानेच कित्येक मोटारी तापणे बंद होते. ठिणगी योग्य वेळी पडत नसेल किंवा ब्रेक चाकाला घासत असतील, तरीही इंजिन तापते, तेही पाहावे. नळ्या फारच भरल्या असतील, तर रेडिएटरचे काम करणारा कारागीर त्यात नवा गाभा बसवून देतो. नव्या गाभ्यात नळ्यांची एक रांग वाढवून घेता येते.

आता हवेकडे वळू. या जुन्या मोटारींत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. गर्दीत इंजिन हळू चालते, म्हणून पंखाही हळू फिरतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच वारा सर्वांत कमी मिळतो! यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवणे. त्यामुळे पंखा आजूबाजूची हवा न ओढता रेडिएटरमधूनच हवा खेचतो. दुसरा उपाय म्हणजे विजेचा पंखा. पाणी ठरावीक मर्यादेपेक्षा तापले की तो आपोआप सुरू होतो. इंजिन हळू असो वा जलद, त्याचा वेग तोच राहतो. पण त्याला वीज बरीच लागते. जुन्या मोटारीतील डायनामो इंजिन हळू चालताना फारशी वीज देत नाही आणि बॅटरी उतरते. म्हणून विजेच्या पंख्याबरोबर अल्टरनेटरही बसवावा लागतो. एक भाग बदलला की दुसऱ्या भागावर त्याचा परिणाम होतो, हे येथे ध्यानात येते.

इंजिनातून पाणी बाहेर पडते तेथे थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की उघडू लागते. मोटार तापली की काही मिस्त्री ही झडप काढूनच टाकतात. हे योग्य नाही. झडप नसली तर इंजिनाला योग्य तापमान गाठायला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि इंजिन लवकर झिजते. झडप बिघडली असेल तर नवी बसवावी.

रेडिएटरचे झाकणही महत्त्वाचे आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून तेथे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. रेडिएटरचे झाकणही असाच दाब राखते, त्यामुळे पाणी १०० अंशांवर उकळत नाही. मात्र जुन्या रेडिएटरवर फार जास्त दाबाचे झाकण लावू नये; त्याचे सांधे उसवतात. पाण्यात कूलंट नावाचे द्रव मिसळले तर उत्कलनबिंदू आणखी वाढतो आणि गंजही लागत नाही. हे द्रव बहुधा विषारी असते आणि चवीला गोड लागते. म्हणून ते लहान मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. तापलेल्या मोटारीच्या रेडिएटरचे झाकण कधीही लगेच उघडू नका. आतील पाणी १०० अंशांपेक्षा जास्त तापलेले असते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणात उकळून वाफेसह अंगावर उसळते. हात आणि चेहरा भाजल्याच्या कितीतरी घटना अशाच घडतात. मोटार तापली तर ती कडेला घेऊन इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास थांबावे. मग जाड फडके धरून झाकण थोडेसे फिरवावे, उरलेली वाफ जाऊ द्यावी आणि नंतरच ते पूर्ण काढावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जातो. विजेचा पंखा असेल, तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. म्हणून त्याच्या पात्यांजवळ हात नेऊ नये.

थांबण्याचा कंटाळा करून तापलेली मोटार तशीच दामटली, तर काय होते? अशा इंजिनाचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा आणि खालचा बिडाचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेने जास्त प्रसरण पावते. त्यामुळे वरचा भाग वाकतो, दोन्ही भागांमधील गॅस्केट फुटते आणि सारे इंजिन उघडावे लागते. अर्ध्या तासाची घाई अशी फार महाग पडते.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या गॅरेजमध्ये काम करतील, काही जण अभियंता होतील, तर काही जण नुसतेच मोटार चालवतील. तुम्ही कोणीही झालात, तरी यंत्र बिघडल्यावर आधी हातोडी उचलू नका. उष्णता कोठून निघाली आणि कोठे अडली, हा प्रश्न विचारा. उत्तर मिळाले की अर्धी दुरुस्ती झालीच म्हणून समजा.