मेहरूणच्या बोराचा डोळा

मेहरूण आज जळगावचं उपनगर आहे. मेहरूण तलावाभोवती बंगले, अपार्टमेंट, सकाळी फिरायला येणारी माणसं. फळबागेच्या पुस्तकांत मात्र उमराण, कडाका या नावांच्या पंगतीत ‘मेहरूण’ ही बोराची एक जात आहे. ज्या मातीनं फळाला नाव दिलं, तिथं बोरीपेक्षा घरंच जास्त झाली. पण जात टिकवायला शेतच हवं असं नाही. एक जिवंत डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, आणि एक रानबोर पुरे.

रानबोरीवर डोळा भरण्याचं काम मी पावसाळ्यात एका जुन्या माळ्याच्या शेजारी बसून पाहिलं. बी पेरून ही जात मिळत नाही. बोरीत परागीभवन सरमिसळीनं होतं, म्हणून आठळीतून उगवलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून डोळाच भरावा लागतो, आणि त्यासाठी खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, रानबोरीचा घ्यायचा. तिचं सोटमूळ खोल जातं, कोरड सोसतं. खुंट पेन्सिलीएवढा जाड हवा.

माळ्यानं खुंटावर चाकूनं चौकोन कोरला, साल अलगद उचलली. मग मेहरूणच्या कोवळ्या फांदीवरून तेवढाच सालीचा तुकडा डोळ्यासकट काढला आणि त्या जागी बसवला. याला ठिगळ पद्धत म्हणतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली, डोळा तेवढा उघडा ठेवला. सगळं दोन-तीन मिनिटांत, कारण साल वाळली तर डोळा लागत नाही.

“पाऊस आहे तवर भरून घ्या भाऊ, नंतर साल सुटत नाही,” ते म्हणाले.

डोळा हिरवा राहिला आणि फुगू लागला की खुंटाचा वरचा भाग छाटतात. त्यानंतर महिनोन्महिने एकच राखण असते: खालून फुटणारे रानबोरीचे धुमारे काढत राहणं. ते राहिले तर रानबोर जोर धरते आणि कलम मरतं. चांगल्या कलमाला दोन-तीन वर्षांत फळ धरू लागतं.

रिकाम्या प्लॉटवर आणि कुंपणालगत बोर आपोआप उगवते. काटे टोचतात म्हणून लोक ती मुळासकट उपटतात. माझी मेहरूणकरांना विनंती आहे, ती उपटू नका. उन्हाळ्यात बुंध्यापाशी छाटा, नवे धुमारे येऊ द्या, त्यातला जोमदार ठेवा आणि पावसाळ्यात त्यावर मेहरूणचा डोळा भरून घ्या. संक्रांतीच्या वाणात आणि लेकरांच्या बोरन्हाणात आपल्या अंगणातलं, आपल्या गावाच्या नावाचं बोर पडावं, यासाठी एवढे कष्ट नक्कीच मोलाचे आहेत.