‘अगेन्स्ट’ म्हणजे फक्त ‘विरुद्ध’ नाही! कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी अर्थ जाणून घ्या

क्रिकेटच्या बातमीपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत ‘अगेन्स्ट’ हा इंग्रजी शब्द सगळीकडे दिसतो. त्याचा सर्वांना माहीत असलेला अर्थ म्हणजे विरुद्ध. पण वाक्य बदलले की अर्थही बदलतो. कसा, ते पाहूया.

विरोध : ‘वी आर अगेन्स्ट द प्लॅन’ म्हणजे आमचा या योजनेला विरोध आहे. कंपनीच्या ई-व्होटिंगमध्ये भागधारकाने ‘अगेन्स्ट’ निवडले, तर त्याचे मत ठरावाच्या विरोधात जाते.

तुलना : ‘रुपी फेल अगेन्स्ट द डॉलर’ म्हणजे डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला.

टेकून : ‘अगेन्स्ट द वॉल’ म्हणजे भिंतीला टेकून.

तारण : इथे मात्र सावध राहा. ‘लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी’ म्हणजे मालमत्ता तारण ठेवून घेतलेले कर्ज. हप्ते थकले, तर बँक कायदेशीर प्रक्रिया करून ती मालमत्ता विकू शकते. ‘लोन अगेन्स्ट गोल्ड’मध्ये हीच गोष्ट घरातल्या दागिन्यांना लागू होते.

या चुका टाळा

- ‘आय अगेन्स्ट इट’ चूक, ‘आय ॲम अगेन्स्ट इट’ बरोबर. कारण ‘अगेन्स्ट’ हे क्रियापद नाही.
- ‘वी अपोज अगेन्स्ट द प्लॅन’ चूक, ‘वी अपोज द प्लॅन’ बरोबर. ‘अपोज’मध्येच विरोध आला.
- ‘अगेन्स्ट टू कट ट्रीज’ चूक, ‘अगेन्स्ट कटिंग ट्रीज’ बरोबर.

थोडक्यात, ‘अगेन्स्ट’च्या आधी ‘लोन’ दिसले, तर पुढचा शब्द नीट वाचा. पणाला लागलेली वस्तू तीच असते.