जबडा वाजतो? दाढेला दोष देऊ नका
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



ऊस पक्व झाला की नाही हे पाहायला आमच्याकडे ब्रिक्स मोजायचं यंत्र असतं. पण फडात गेल्यावर एखादं कांडं दातांनी सोलल्याशिवाय माझं समाधान होत नसे. वीस वर्षं हेच, आणि तेही कायम उजव्या बाजूने. दोन वर्षांपूर्वी घास चावताना कानापुढे 'कट्ट' वाजू लागलं, सकाळी तोंड उघडेना. दाढच किडली असं धरून मी हट्टाने ती काढून घेतली. दाढ गेली, दुखणं तिथंच!

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलगडा केला. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हलतो तो जबड्याचा सांधा. दोन हाडांमध्ये गादीसारखी चकती असते. कडक पदार्थ, एकाच बाजूने चावणं, झोपेत किंवा चिंतेत दात आवळणं यांनी स्नायू आखडतात, कधी चकती सरकते. नुसता आवाज येतो, पण दुखत नाही, तर घाबरू नये.

उपाय साधे आहेत. काही दिवस मऊ भात, पेज खावी. ऊस, खाजं, चणे बंद. गालावर दहा-पंधरा मिनिटं सोसवेल असा गरम शेक, मग बोटांनी हलकं चोळणं. जिभेचं टोक टाळूला लावून तोंड सावकाश उघडा-मिटायचं, पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा. जोर करायचा नाही. ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवावेत. जांभईला हनुवटीखाली हात द्यावा. मला दीड महिन्यात उतार पडला.

पण एक दुखणं याहून वेगळं. वैभववाडीकडे उसाची नोंद घेताना एक सभासद म्हणाले, "सायबानू, तोंडच उघडत नाय, घास कसो घालू?" खिशात सुपारीची पुडी होती. सुपारीने गालाची आतली कातडी पांढरट, ताठ होते, तिखट झोंबतं. पुढे कर्करोगाचाही धोका असतो. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ साली जाहीर केलं. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, तरी सुपारी आपल्या परसातलीच! इथे आधी सुपारी सोडायची, मग दंतवैद्याच्या सल्ल्याने व्यायाम. ताठरपणा पुरता जात नाही, म्हणून उशीर नको.

आज आरशासमोर मधली तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांत घालून पाहा. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा. तोंड उघडं राहून मिटेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि जबड्यासोबत छातीत दुखलं, घाम फुटला, तर तो हृदयविकार असू शकतो. घटकाभरही थांबू नका.

उसावर कीड दिसली की आपण लगेच निरोप धाडता. तेवढीच तत्परता स्वतःच्या तोंडासाठी दाखवावी, ही विनंती.